पारपेक्षा चार कमी टाकूनही राउंडचं रेटिंग ८९०च का?

तुमचा प्रश्न डिस्क गोल्फचा, म्हणजे चकती फेकून बास्केटमध्ये टाकायच्या खेळाचा. तो असा: मोकळ्या, छोट्या कोर्सवर पारपेक्षा (कोर्ससाठी ठरवलेल्या अपेक्षित थ्रोंपेक्षा) चार कमी थ्रोमध्ये राउंड संपवला तर ८९० मिळाले. नंतर झाडीतल्या अवघड कोर्सवर तीन जास्त लागले, तरी ९२५. हिशेब कुठे चुकला? कुठेच नाही. तुम्ही पारकडे बघताय आणि पीडीजीएच्या (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन या संघटनेच्या) रेटिंगमध्ये पार धरलाच जात नाही. पार आयोजक ठरवतो. कुणी सढळ हाताने देतो, कुणी काटेकोर असतो, त्यावर खेळाडूची पातळी कशी ठरवणार?

ठरते ती त्या दिवशी तोच लेआउट (कोर्सची तीच मांडणी) खेळलेल्या लोकांवरून. ज्यांच्या रेटिंगमागे आधीचे पुरेसे राउंड आहेत, अशा खेळाडूंना प्रोपगेटर म्हणतात. राउंडला रेटिंग मिळायला असे किमान पाच जण लागतात. समजा, त्यांच्या रेटिंगची सरासरी ९४० आहे आणि त्या दिवशी त्यांना सरासरी ५८ थ्रो लागले. मग ५८ म्हणजे ९४०. मध्यम लांबीच्या कोर्सवर एक थ्रो साधारण १० गुणांचा, म्हणून ५२ ला १०००. हा हजार म्हणजे स्क्रॅच, म्हणजे मापदंड मानलेल्या तरबेज खेळाडूची पातळी. तुम्हाला ६० लागले असतील तर ९२०. प्रत्यक्षातलं सूत्र यापेक्षा बारीक आहे, पण गाभा हाच. वारा, पाऊस, चिखल वेगळे मोजावे लागत नाहीत, कारण त्यांनी सगळ्यांचेच थ्रो वाढलेले असतात.

एका थ्रोची किंमत मात्र सगळीकडे सारखी नसते. छोट्या कोर्सवर सगळ्यांचे आकडे दाटीवाटीने येतात, त्यामुळे एकेक थ्रो १२-१३ गुणांपर्यंत जातो. लांबलचक कोर्सवर तोच ७-८ वर येतो. तुमच्या मोकळ्या कोर्सवर बाकीच्यांना पारपेक्षा सात-आठ थ्रो कमी लागले असणार, आणि तिथला प्रत्येक थ्रो महाग पडला.

'तगड्या खेळाडूंबरोबर खेळलं की रेटिंग वाढतं' हे सगळीकडे ऐकू येतं. वाढत नाही. त्यांचं रेटिंग जास्त असतं तसे त्यांना थ्रोही कमी लागतात, दोन्ही बाजू सारख्याच सरकतात. पाच-सहाच प्रोपगेटर असले आणि त्यातल्या दोघांचा दिवस वाईट गेला, तर बाकीच्यांना थोडे गुण फुकट मिळतात, हे खरं. म्हणून छोट्या स्पर्धेतल्या एका आकड्यावर फार हरखू नये आणि खचूही नये, असं मला मनापासून वाटतं. नवे खेळाडू याच आकड्यापायी खेळाचा आनंद घालवून बसतात, ते बघवत नाही.

तुमचं स्वतःचं रेटिंग म्हणजे साधारण गेल्या १२ महिन्यांतल्या राउंडांची सरासरी. राउंड कमी असतील तर आणखी मागे जाऊन, २४ महिन्यांपर्यंतचे घेतात. राउंड पुरेसे झाले की सर्वांत अलीकडचे २५ टक्के दुप्पट धरले जातात, त्यामुळे खेळ सुधारला की आकडा लवकर हलतो. सरासरीपेक्षा १०० गुणांहून जास्त खाली गेलेला एखादा राउंड वगळलाही जातो. कुणी मुद्दाम खराब खेळून खालच्या गटात राहायला बघत असेल, तर त्याला इथे थोडा तरी अडसर बसतो. असं करणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. नवख्यांसाठी ठेवलेली बक्षिसं ते पळवतात.

आता गटाचं, म्हणजे हौशी खेळाडूंचे रेटिंगनुसार जे विभाग असतात त्यांचं. रिक्रिएशनलला रेटिंग ९०० च्या खाली लागतं, इंटरमीडिएटला ९३५ च्या खाली. तुमचे हे दोनच राउंड धरले तर सरासरी ९०७ च्या आसपास येते. स्पर्धेनंतर लगेच दिसतात ते आकडे अनधिकृत असतात. अधिकृत रेटिंग महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी लागतं आणि तेव्हा दोन-चार गुण इकडेतिकडे होतात. पुढची स्पर्धा त्यानंतर असेल तर सरळ इंटरमीडिएटमध्ये नाव द्या. आणि नाव देताना स्पर्धेत प्रोपगेटर भरपूर आहेत का ते बघा, म्हणजे मिळणारा आकडा भरवशाचा असेल.