आयबीएसचं पथ्य : बंद केलेलं परत सुरू कसं करायचं?

प्रश्न : आयबीएससाठी (वारंवार पोटदुखी, पोटफुगी आणि शौचाच्या तक्रारी होणारा आतड्याचा विकार) अडीच महिने लो फॉडमॅप पथ्य (आतड्यात नीट न शोषली जाणारी, गॅस करणारी कर्बोदकं टाळणारं) पाळतो आहे. पोटफुगी आणि मुरडा जवळजवळ थांबला. आता दुसरं काही खायची भीतीच वाटते. हेच पथ्य कायम ठेवलं तर चालेल का?

नाही. सगळं बंद ठेवण्याचा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो, तुम्ही तो केव्हाच ओलांडलात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने लोकांपुढे आणलेल्या या पथ्याचे टप्पे तीन आहेत : आधी बंद करणं, मग या कर्बोदकांचा एकेक गट तपासणं, आणि शेवटी जे सोसतं ते सगळं जेवणात परत आणणं. पहिल्यावरच थांबणारे पुष्कळ असतात, आणि नुकसान तिथेच होतं. जी कर्बोदकं तुम्ही वगळलीत, त्यांच्यावरच मोठ्या आतड्यातले बायफिडोबॅक्टेरियासारखे उपयोगी जिवाणू जगतात. पथ्य लांबलं की ते घटतात. तंतू आणि कॅल्शियमही कमी पडू लागतं.

तपासणी अशी करा. बाकीचं पथ्य आहे तसंच ठेवायचं आणि त्यात एका वेळी एकच गट आणायचा. लॅक्टोजसाठी (दुधातली साखर) साधं दूध घ्या : पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप. मग दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती आणि त्यानंतर पुढचा गट. फ्रुक्टोजसाठी (फळांतली साखर) मध, गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइडसाठी (कडधान्यांतलं कर्बोदक) शिजवलेले छोले, मॅनिटॉलसाठी (काही भाज्यांतलं गोड द्रव्य) रताळं. सफरचंद मात्र तपासणीला घेऊ नका. त्यात जादा फ्रुक्टोजही असतं आणि सॉर्बिटॉलही (मॅनिटॉलसारखंच गोड द्रव्य), त्यामुळे पोट दुखलं तरी कशाने दुखलं ते कळत नाही. गहू, कांदा आणि लसूण या तिन्हींत फ्रुक्टन (फ्रुक्टोजच्या साखळीचं कर्बोदक) असलं तरी प्रत्येकाची चाचणी वेगळी करा. एखाद्याला ब्रेडचे दोन तुकडे चालतात, पण लसणाची एक पाकळी चालत नाही.

थोडा जास्त गॅस झाला म्हणून चाचणी सोडू नका, तेवढा कोणालाही होतो. कळ येऊ लागली किंवा जुलाब झाले तर थांबा, पोट शांत होऊ द्या, आणि तो गट काही आठवड्यांनी कमी मात्रेत पुन्हा बघा. वहीत पदार्थ, मात्रा, वेळ आणि त्रास लिहा. झोप आणि ताणाचीही नोंद हवी. पाळीच्या दिवसांत चाचणी करू नये, कारण त्या दिवसांत पोट एरवीही बिघडतं आणि दोष पदार्थावर जातो.

प्रश्न : रश्शात कांदा-लसूण अख्खा घालते आणि वाढण्याआधी काढून टाकते. तरी रात्री पोट फुगतं. असं का?

फ्रुक्टन पाण्यात विरघळतं. रस्सा उकळताना ते कांद्यातून बाहेर येतं आणि तुम्ही काढून टाकता तो नुसता चोथा. ते पचवणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसल्यामुळे ते जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं आणि जिवाणू त्याचा गॅस करतात. तेलात मात्र ते उतरत नाही. म्हणून आधी नुसत्या तेलात लसूण मंद आचेवर परता, पाकळ्या एकूणएक काढा आणि मगच पाणी किंवा भाजी घाला. हे तेल त्याच वेळी वापरून संपवा. घरी केलेलं लसणाचं तेल बाहेर ठेवलं तर त्यात बोट्युलिझम (गंभीर अन्नविषबाधा) घडवणारे जिवाणू वाढू शकतात, आणि त्यांचं विष जिवावर बेतणारं असतं. कांद्याच्या चवीसाठी पातीचा फक्त हिरवा भाग घ्या. तयार मसाले आणि सूपच्या पाकिटांवर कांदा पावडर, लसूण पावडर, इन्युलिन (फ्रुक्टनचाच प्रकार), चिकोरी (इन्युलिन असलेलं मूळ) हे शब्द शोधा.

प्रश्न : त्रास उसळला की दिवसभर उपाशी राहतो. बरोबर आहे का?

उपास करू नका. दिवसभर रिकामं राहून रात्री भरपेट जेवलं की मोठं आतडं जोराने आकुंचन पावतं, आणि तेलकट जेवणाने तर अधिकच. दर तीन-चार तासांनी थोडं थोडं खा : भात, उकडलेला बटाटा, गाजर, अंडं. तिखट, कॉफी, दारू, फसफसणारी पेयं बंद. साखरविरहित च्युइंगमही नको, त्यात बहुधा सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉल असतं. जुलाब होत असतील तर ओआरएस प्या. पोट शेकल्यानेही आराम पडतो. कोंडा अशा वेळी बहुतेकांचा त्रास वाढवतो. तंतू हवेच असतील तर पोट निवळल्यावर इसबगोल एक छोटा चमचा भरपूर पाण्यातून सुरू करा आणि हळूहळू वाढवा. दोन-तीन दिवसांत नेहमीच्या जेवणावर या.

प्रश्न : मनानेच गहू सोडला आणि बरं वाटतंय. आता तपासणीची गरज आहे का?

आहे. सीलिअॅक आजारातही (ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असंच बरं वाटतं, पण त्यात ग्लूटेन जन्मभर आणि काटेकोरपणे टाळावं लागतं. गहू बंद असताना केलेली रक्ततपासणी खोटी नकारात्मक (आजार असूनही नाही असं दाखवणारी) येऊ शकते. त्यामुळे तपासणीआधी निदान सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लूटेन असावं लागतं. ते डॉक्टरांशी बोलूनच सुरू करा. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असेल तर पथ्याचे प्रयोग थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.