‘हो किंवा होय’ पायथनला का कळत नाही?

प्रश्न : मी घरीच पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत आहे. ‘पुढे जायचे का?’ असे विचारून ‘हो’ किंवा ‘होय’ आले तरच पुढे जाणारा छोटा प्रोग्रॅम मी लिहिला आणि त्यात अशी अट घातली : इफ उत्तर == "हो" ऑर "होय". आता ‘नाही’ लिहिले तरी प्रोग्रॅम पुढेच जातो आणि चूकही दाखवत नाही. असे का होते?

उत्तर : तुमची अट मराठी वाक्य म्हणून निर्दोष आहे, आणि म्हणूनच ही चूक डोळ्यांना दिसत नाही. ‘उत्तर हो किंवा होय असेल तर’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘उत्तर’ हा शब्द दोन्हींना लागू आहे, हे ऐकणारा मनातल्या मनात धरून चालतो; पायथन तसे काहीच धरून चालत नाही. == (‘समान आहे का’) ही तुलना ‘ऑर’च्या (‘किंवा’च्या) आधी सोडवली जात असल्यामुळे त्याच्या लेखी एका बाजूला उत्तर == "हो" ही तुलना उरते आणि दुसऱ्या बाजूला नुसता "होय". उत्तर ‘नाही’ असेल तर तुलना फॉल्स, म्हणजे खोटी, ठरते, ‘ऑर’ उजवीकडे वळतो, आणि रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) अटीत खरी मानली जात असल्याने दार उघडते.

खात्रीसाठी प्रिंट("नाही" == "हो" ऑर "होय") ही ओळ चालवून पाहा (इंग्रजी शब्द अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहा). पडद्यावर ट्रू नव्हे, ‘होय’ उमटेल! ‘ऑर’ डावी बाजू खरी असल्यास तीच, नाहीतर उजवी बाजू जशीच्या तशी हाती देतो. नवशिक्यांना हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

दुरुस्ती सोपी आहे. उत्तर == "हो" ऑर उत्तर == "होय" असे पूर्ण लिहा, किंवा त्याहून सुटसुटीत, उत्तर इन ("हो", "होय").

नकारार्थी अट लिहिताना मात्र जपा. उत्तर != "हो" ऑर उत्तर != "होय" (!= म्हणजे ‘समान नाही’) ही अट नेहमीच खरी ठरते, कारण एकच उत्तर एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही; तिथे ‘अँड’ (‘आणि’) हवा. नकार देताना ‘ऑर’चा ‘अँड’ होतो, या अदलाबदलीचा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते गणिती ऑगस्टस डी मॉर्गन 1806 मध्ये आपल्याकडे मदुराईत जन्मले होते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये उत्तर नॉट इन ("हो", "होय") एवढे लिहिले की हा घोळ उद्भवतच नाही.