वाचकांचे प्रश्न : निरोप फोनवर पोहोचतो, आईपर्यंत पोहोचत नाही

प्रश्न : आमचा गट गरोदर बायकांना आणि लहान मुलांच्या आयांना आहाराचे व परसबागेचे मेसेज पाठवतो. यादीत ‘पोहोचला’ असं दिसतं, पण विचारलं तर कुणालाच काही आठवत नाही. चुकतं कुठे?

उत्तर : ‘पोहोचला’ याचा अर्थ त्या नंबरच्या फोनवर पोहोचला, एवढाच. तो फोन दिवसभर नवऱ्याच्या खिशात असेल, तर बाईला कळणार कसं? नंबर लिहून घेतानाच तीन गोष्टी विचारा : फोन कुणाकडे असतो, घरात किती ते किती असतो, आणि तिला वाचायला बरं पडतं की ऐकायला.

लेखी मेसेजची अडचण वेगळी. देवनागरीत एका एसएमएसमध्ये फक्त ७० चिन्हं मावतात आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. त्याहून लांब मजकुराचे प्रत्येकी ६७ चिन्हांचे तुकडे होतात. साध्या फोनवर ते मागेपुढे येतात, काही फोनवर तर नुसते चौकोन दिसतात. म्हणून आवाजी कॉल बरा. तो ६० ते ९० सेकंदांचा असावा आणि त्यात एकच काम सांगावं. प्रमाण दोनदा सांगावं. मागे संगीत नको : साध्या फोन कॉलमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं) एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो, त्यात बासरी वाजली की ‘स’ आणि ‘श’ बुडतात. ‘पुन्हा ऐकायचं असेल तर १ दाबा’ असं म्हणा. आकडा आधी सांगितला, तर वाक्य संपेपर्यंत तो विसरला जातो.

कॉल नेहमी एकाच नंबरवरून जावा आणि तो नंबर भेटीत फोनमध्ये साठवून द्यावा. उचलला नाही, तर तासाभरात तीनदा वाजवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी करा. मिस्ड कॉल दिला की उलट कॉल येईल अशी सोय असेल, तर उत्तम : वेळ तिची, खर्च तुमचा.

आणखी एक, जे हमखास राहून जातं. हे कॉल प्रसूतीच्या तारखेवरून आपोआप जात असतात. गर्भपात झाला किंवा बाळ दगावलं, तरी यंत्र ‘तुमचं बाळ आता चार महिन्यांचं झालं’ असं सांगत राहतं. नोंद त्याच दिवशी थांबवता येईल असा एक माणूस आणि एक नंबर आधीच ठरलेला हवा.

प्रश्न : आहाराचे मेसेज आरोग्यवाले लिहितात, लागवडीचे शेतीवाले. दोन्ही एकत्र करावेत का?

उत्तर : करावेतच. नाहीतर होतं असं, की बाळाला सहा महिने पूर्ण होतात, ‘पालेभाजी शिजवून, घोटून द्या’ असा कॉल येतो आणि वाफा मोकळा असतो. दोन्ही वेळापत्रकं बाळाच्या वयावर बसवा आणि तिथून उलटं मोजा. माठ, राजगिऱ्यासारखी पालेभाजी पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत खुडायला येते, लाल भोपळ्याला तीन-चार महिने लागतात. म्हणजे भोपळ्याचा कॉल बाळाच्या दुसऱ्या महिन्यात जायला हवा, आणि खड्डा खणायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला सांगणारा हवा, ओल्या बाळंतिणीला नव्हे. पालेभाजीचा कॉल पाचवा महिना पूर्ण होण्याच्या थोडा आधी. बी हातात नसेल तर तोही वाया, म्हणून बियाण्याची आठवण त्याच्याही आठवडाभर आधी.

पालेभाजीत नेहमीची चूक म्हणजे सगळं बी एकदम पेरणं. मग एका आठवड्यात भाजी उतू जाते आणि पुढे महिनाभर काही नाही. दोन चौरस मीटरच्या वाफ्याला चिमूटभर बी पुरतं. ते बारीक कोरड्या मातीत मिसळून फोका, अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल दाबू नका. पहिला आठवडा पाणी शिंपडूनच द्या, धारेनं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. पंधरा दिवसांनी दुसरा वाफा. मात्र ज्या घरात त्या हंगामात पाणीच नाही, तिथे हा कॉल पाठवू नका. न जमणारं काम दोनदा सांगितलं, की तिसरा कॉल कुणी उचलत नाही.

वरच्या आहाराचा कॉल मोघम नको. सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, हळूहळू २५० मिलिलिटरच्या वाटीची अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांपासून अर्धी वाटी तीन-चारदा, मधे खाऊ. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. अंगावरचं दूध चालूच. घास चमचा तिरका केला तरी ओघळू नये इतका दाट हवा; पातळ पाण्यानं पोट भरतं, बाळ भरत नाही. पालेभाजी आणि भोपळ्यात थोडं तेल घाला, त्यातलं कॅरोटिन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व बनतं, ते स्निग्धाशिवाय नीट शोषलं जात नाही.

प्रश्न : उपयोग होतोय हे कसं ओळखायचं? किती कॉल पूर्ण ऐकले गेले, ते आम्ही मोजतो.

उत्तर : त्यावरून कॉल शेवटपर्यंत चालू राहिला एवढंच कळतं. ‘भाज्या खाता का?’ असंही विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. ‘काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लं?’ असं विचारा आणि अन्नाच्या दहा गटांत खुणा करा : धान्य-कंद, डाळी, दाणे-तेलबिया, दूध, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, पिवळ्या-केशरी भाज्या व फळं, इतर भाज्या, इतर फळं. १५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर, धरायची नाही. पाच किंवा अधिक गट खाणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढतंय का ते पाहा. हे माप सगळ्या बायकांचं मिळून आहे, एका बाईला नापास करायला नव्हे.

लगेच वजन वाढावं अशी अपेक्षाही ठेवू नका. ओडिशातल्या केंदुझर जिल्ह्यात १४८ गावसमूहांत महिला गटांना शेती आणि पोषणाचे व्हिडिओ दाखवून चाचणी झाली. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षांत आहारातलं वैविध्य वाढलेलं दिसलं, आयांच्या बॉडी मास इंडेक्समध्ये (उंचीच्या मानानं वजन) मात्र फरक पडला नव्हता.

प्रश्न : परसबागेतल्या झाडाला काय झालंय हे विचारायला पानाचा फोटो पाठवला तर दर वेळी उत्तर वेगळं येतं.

उत्तर : एका पानावरून सांगता येत नाही. अख्खं झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू, असे निदान तीन फोटो सावलीत काढा. झाड मलूल असेल तर उपटून मुळाचाही. पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की कोवळ्या, हे लिहा : नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात, लोह कमी पडलं तर शेंड्याची, शिरा हिरव्या ठेवून. फवारणी झाली असेल तर औषधाचं नाव आणि तारीख कळवा, आणि लेबलवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत त्या वाफ्यातली भाजी खुडू नका.