विषयांची यादी सर्वांत शेवटी

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेली टिपणे मी सावकाश वाचली. नव्या आंतरविद्याशाखीय अभियांत्रिकी अभ्यासक्रमाच्या आखणीची जबाबदारी तुझ्यावर आली, त्यासाठी तू काम करणाऱ्या अभियंत्यांमध्ये आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पगटांमध्ये जाऊन बसलीस, वह्या भरल्यास, आणि आता अभ्यास मंडळ विचारते आहे की विषयांची नावे आणि श्रेयांक केव्हा मिळणार. ही टिपणे बाजूला ठेवून एक प्रश्नावली काढावी का, म्हणजे मंडळापुढे आकडे ठेवता येतील, असे तू मला विचारतेस. माझे उत्तर नाही असे आहे. निरीक्षण अपुरे वाटत असेल तर आणखी निरीक्षण कर, पण यादीच्या घाईपायी हाती आलेले टाकून देऊ नकोस. विषयांची यादी सर्वांत शेवटी येते. हे वाक्य मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे, कारण तुझ्या टिपणांच्या शेवटच्या पानावर तू ती यादी करायला घेतली आहेस हे मला दिसले.

तुझ्या वहीत चाचणी विभागातील एका ज्येष्ठ अभियंत्याची नोंद आहे. यांत्रिकी आराखड्यातील जोडण्यांचे क्रमांक आणि सॉफ्टवेअरमधील चॅनेलचे क्रमांक यांचा मेळ घालणारा एक तक्ता ते स्वतःपुरता ठेवतात. तो कोणत्याही अधिकृत दस्तऐवजात नाही, कोणाच्या नेमून दिलेल्या कामात नाही, आणि ते रजेवर असले की चाचणी अडते. त्याच ठिकाणच्या व्यवस्थापकांनी मुलाखतीत तुला सांगितले की नव्या अभियंत्यांना संवादकौशल्य नसते. या दोन्ही नोंदी तू शेजारीशेजारी केल्या आहेस. मसुद्यात मात्र ‘संवादकौशल्य’ हा विषय आला आणि तक्ता गळून पडला. मुलाखतीतले वाक्य आधीच एखाद्या विषयाच्या नावासारखे असते, म्हणून ते यादीत अलगद बसते. तक्ता बसत नाही, कारण तो कोणत्या विभागाचा हेच ठरलेले नाही. आणि ज्या कामाचा विभाग ठरलेला नाही त्याच कामासाठी तर तुझा अभ्यासक्रम हवा आहे. तो तक्ता अद्ययावत ठेवण्याला भाषणकला लागत नाही. दुसऱ्या शाखेच्या आराखड्यात झालेला बदल आपल्या कामात कोठे उमटेल हे ओळखण्याची तांत्रिक समज लागते, आणि ती समज आज कोणत्याही एका विषयात शिकवली जात नाही.

लोक आपल्या कामाबद्दल जे सांगतात आणि प्रत्यक्षात जे करतात त्यांत अंतर असते, हे मानववंशशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अभियांत्रिकीत ते आपण वारंवार विसरतो. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञांनी छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत राहून, त्यांच्या फेऱ्यांत आणि जेवणाच्या गप्पांत सामील होऊन जे पाहिले, ते 1996 मध्ये पुस्तकरूपाने आले. कंपनीच्या मते काम म्हणजे माहितीपुस्तिकेतील पायऱ्यांचे पालन होते. तंत्रज्ञ मात्र एकमेकांना जुन्या बिघाडांच्या हकिकती सांगत, त्यांतून नव्या बिघाडाचा माग काढत. व्यवस्थापनाला विचारून आखलेल्या प्रशिक्षणात त्या हकिकतींना जागा मिळाली असती असे मला वाटत नाही. लुई बुचियारेली हे स्वतः अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनी उत्पादनाची रचना करणाऱ्या गटांत सहभागी निरीक्षण केले आणि 1994 मध्ये दाखवून दिले की एकाच वस्तूकडे पाहणारे वेगवेगळ्या शाखांचे अभियंते जणू वेगवेगळ्या वस्तू पाहत असतात, आणि अंतिम रचना ही त्यांच्यातील वाटाघाटीतून घडते. ही वाटाघाट कशी चालते हे तुझ्या विद्यार्थ्यांनी शिकायला हवे. दोन शाखांचे दोन विषय एका वेळापत्रकात शेजारी ठेवल्याने ते घडत नाही.

येथे एक सावधगिरी, आणि ती थोडी कठोरपणे सांगतो. तू अभियंता आहेस, त्यामुळे चार दिवस एखाद्या ठिकाणी बसून लोकांचे म्हणणे लिहून घेतले की एथ्नोग्राफी, म्हणजे लोकांमध्ये राहून केलेला त्यांच्या कामाचा आणि रीतीभातींचा अभ्यास, झाली, असे तुझ्या सहकाऱ्यांना वाटेल आणि कधीकधी तुलाही वाटेल. डायाना फोर्सिथ या मानववंशशास्त्रज्ञ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळांत अनेक वर्षे निरीक्षण करत होत्या. त्यांची तक्रार नेमकी हीच होती की तंत्रज्ञ मंडळी हे काम निव्वळ व्यवहारज्ञानाचे समजतात आणि समोरच्याचे शब्द जसेच्या तसे खरे मानून घेतात. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: बैठका, समजावणी, विद्यार्थ्यांना शिकवणे यांत दिवस गेला तरी संगणकतज्ज्ञ त्याला आपले ‘खरे काम’ मानत नसत. तुझ्या अभियंत्यांना ‘तुम्ही दिवसभर काय करता’ असे विचारलेस तर तेही तुला तक्त्याबद्दल सांगणार नाहीत, कारण ते त्याला काम समजत नाहीत. म्हणून प्रश्नावलीत तो कधीच उतरणार नाही. जे आपल्याला अजून दिसलेलेच नाही त्याबद्दल प्रश्न कसा लिहिणार?

पद्धतीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण बरेचसे तुला येते. माणसांऐवजी एखाद्या वस्तूचा पाठलाग करून पाहा: बदलाची एक विनंती, एक आराखडा, एक नापास झालेला नमुना. तो कोणाकोणाच्या टेबलावर जातो, कोठे थांबतो, आणि तो पुन्हा कोण हलवतो हे लिही. काम जेथे अडते तेथे दोन विद्याशाखांमधला सांधा उघडा पडतो, आणि तुझ्या अभ्यासक्रमाची सामग्री तेथेच आहे. पाहिलेले आणि त्यावर सुचलेले यांची सरमिसळ तुझ्या टिपणांत फार होते. ती वेगळी ठेव, आणि ज्या दिवशी पाहिले त्याच दिवशी सविस्तर लिही. विद्यार्थ्यांच्या गटांबद्दल मात्र माझा आग्रह कडक आहे. ज्यांना तू गुण देतेस त्यांचे निरीक्षण करू नकोस. त्यांची संमती ही खरी संमती नसते. अभियांत्रिकी शिक्षणाच्या अभ्यासक कॅरेन टॉन्सो यांनी विद्यार्थ्यांच्या रचना-गटांत जे पाहिले, म्हणजे काम कोण करते आणि ‘खरा अभियंता’ म्हणून मान कोणाला मिळतो यांतली तफावत, ते गुणांच्या धाकाखालील मुलांनी आपल्या परीक्षकाला कधीच दाखवले नसते.

आता तुझ्या पत्रातील सर्वांत गंभीर शंका: जे आस्थापनांत चालते तेच आपण वर्गात आणणार असू, तर विद्यापीठ हे उद्योगाचे प्रशिक्षण केंद्र होणार नाही का? ही शंका तुला आली याचा मला फार आनंद झाला. निरीक्षण म्हणजे अनुकरण नव्हे, आणि याचे सर्वांत कडू उदाहरण 28 जानेवारी 1986 चे आहे. ‘चॅलेंजर’ अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झाले आणि 7 अंतराळवीरांचा मृत्यू झाला. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी उड्डाणाच्या निर्णयामागची कागदपत्रे, बैठकांच्या नोंदी आणि मुलाखती यांतून त्या कामाची संस्कृती पुन्हा उभी केली, आणि 1996 मध्ये दाखवले की नियम धुडकावणारे कोणी खलनायक तेथे नव्हते. रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्यांची झीज दर उड्डाणाबरोबर थोडीथोडी ‘स्वीकारार्ह’ ठरत गेली, आणि आदल्या संध्याकाळी थंडीबद्दल चिंता मांडणाऱ्या अभियंत्यांना आपला अंदाज त्या संस्कृतीला पटणाऱ्या पुराव्याच्या रूपात मांडता आला नाही. हे समजल्यावर नीतिशास्त्र हा शेवटच्या वर्षातील स्वतंत्र विषय म्हणून ठेवणे मला अपुरे वाटते. अपवाद नेहमीचा कसा होत जातो, हे चाचणीचे निकाल वाचायला शिकवतानाच शिकवले पाहिजे. पण हे सुद्धा यादीतून सुचत नाही. कोणीतरी त्या कामाच्या आत शिरून पाहिले म्हणून सुचते. जे दिसले त्यातले काय शिकवायचे आणि कशाविरुद्ध विद्यार्थ्याला तयार करायचे, हा निर्णय तुझा आहे. निरीक्षण तो निर्णय तुझ्यासाठी घेणार नाही.

मी ज्या संस्थेत होतो तेथे अशाच एका अभ्यासक्रमाच्या वेळी मी यादी द्यायला नकार दिला होता. मला अडथळा म्हटले गेले, नवीन प्रवेश माझ्यामुळे लांबले असेही म्हटले गेले, आणि सहकाऱ्यांपैकी काहींनी माझ्याशी बोलणे कमी केले. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो की एक वर्ष उशिरा सुरू झालेला अभ्यासक्रम विद्यार्थ्यांचे नुकसान करत नाही. वीस वर्षे चुकीचा चालणारा करतो. शेवटी वरून निर्णय आला, विषय विभागांत वाटले गेले, आणि प्रत्येक विभागाने आपल्या जुन्याच विषयाला नवे नाव दिले. मला हट्टाची खंत नाही. खंत आहे ती एवढीच की ज्या तंत्रज्ञांनी आम्हाला इतक्या विश्वासाने आपले काम दाखवले, त्यांना त्यातून काय निपजले हे दाखवण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही. हट्ट करण्याचे वय तुझ्याकडे आहे, म्हणून मी तुला तो शिकवतो आहे.

तर मग क्रम कोणता? आधी अडलेल्या कामाचा प्रसंग. त्यातून, असा प्रसंग विद्यार्थ्यापुढे सुरक्षितपणे कसा उभा करता येईल ही कृती. त्या कृतीसाठी आधी कोणते गणित, कोणते विज्ञान, कोणते वाचन लागेल याचा हिशेब. आणि विषयांची यादी सर्वांत शेवटी. तक्त्याचेच उदाहरण घे: दुसऱ्या वर्षी वेगवेगळ्या शाखांच्या दोन गटांना एकाच यंत्रणेचे दोन भाग दे, सत्राच्या मध्ये दोन्हीकडे बदल कर, आणि त्यांनी ठेवलेली जोडणीची नोंद तिसऱ्या गटाच्या हाती दे. तिसऱ्या गटाला ती वापरून यंत्रणा जोडता आली की नाही, यावर पहिल्या दोघांचे गुण ठरव. या कृतीला कोणता विभाग जागा देईल आणि किती श्रेयांक, हे भांडण नंतरचे आहे. पण तेव्हा भांडायला तुझ्याजवळ एक नेमकी गोष्ट असेल.

प्रश्नावलीला माझा सरसकट विरोध नाही. असे खासगी तक्ते आणखी किती ठिकाणी ठेवले जातात हे मोजायचे असेल तर ती जरूर काढ, कारण आता काय मोजायचे हे तुला ठाऊक आहे. त्याआधी पहिल्यापेक्षा सर्वस्वी वेगळ्या एखाद्या ठिकाणी, जेथे गट लहान आहे किंवा काम देखभालीचे आहे, तेथे जाऊन बैस. ‘एका जागेवरून सर्वांसाठी कसे ठरवता’ या मंडळाच्या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला दुसऱ्या जागेनेच उत्तर द्यावे लागते.

येत्या बैठकीला तीन प्रसंग प्रत्येकी एका पानावर लिहून ने, आणि त्या ज्येष्ठ अभियंत्यांना सल्लागार म्हणून बोलावण्याचा ठराव मांड. त्यांचा तक्ता वर्गात वापरण्यापूर्वी त्यांची आणि त्यांच्या आस्थापनेची लेखी परवानगी घे, आणि तुझे ते पान आधी त्यांना वाचायला दे. तू जे समजलीस ते चुकीचे असेल तर ते बैठकीत कळण्यापेक्षा त्यांच्याकडून कळलेले बरे. पाने तयार झाली की मलाही पाठव.

तुझा,
जुना शिक्षक