गल्गाँगला दोन दिवस अवश्य काढा

महानगरांबाहेरील प्रादेशिक भागासाठीच्या तात्पुरत्या ४९१ व्हिसावर ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये येण्याआधी भेट देताना, ऑस्ट्रेलियन लेखक हेन्री लॉसनच्या कथांमुळे ओळखीच्या झालेल्या गल्गाँगसाठी दोन दिवस काढावेत का, असे आपण विचारले आहे. अवश्य काढावेत आणि पत्नीला सोबत आणावे. मात्र जूनमधील लॉसन महोत्सवाच्या गर्दीवरून गावाचा अंदाज बांधू नये. एखाद्या मंगळवारी संध्याकाळी, दुकाने बंद झाल्यावर रस्ता कसा दिसतो ते पाहावे.

सिडनीपासून सुमारे ३०० किलोमीटरवरील हे गाव १८७० च्या सोन्याच्या शोधातून उभे राहिले आणि तेव्हाचे अरुंद, वळणदार रस्ते आजही तसेच आहेत. लॉसनचा जन्म १८६७ मध्ये ग्रेनफेलचा, पण बालपण याच परिसरात गेले. १९६६ च्या दहा डॉलरच्या नोटेवर त्याच्या चित्रामागे गल्गाँगच छापलेले होते. गावातील लॉसन केंद्र पाहण्यासारखे आहे, परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते मजी या शेजारच्या गावाच्या वाटेवरील युरंडरी. तेथे लॉसन कुटुंबाच्या घराची केवळ धुराडी उरली आहे. त्याची आई लुइझा हिने तेथेच मुले वाढवली, टपाल कचेरी सांभाळली आणि पुढे सिडनीला जाऊन १८८८ मध्ये स्त्रियांसाठी 'द डॉन' हे मासिक सुरू केले.

'द ड्रोव्हर्स वाइफ' (गुरे हाकणाऱ्याची पत्नी) या लॉसनच्या १८९२ च्या कथेतील स्त्री चार मुलांना घेऊन, सापाच्या भीतीने रात्रभर जागी बसते आणि जवळची वस्ती १९ मैलांवर असते. गल्गाँग ते मजी हे अंतर साधारण तेवढेच आहे. आज ते अर्ध्या तासात कापता येते, पण गाडी चालवता येत असेल तरच. आम्ही याच राज्यातील डब्बो शहरात राहायला आलो तेव्हा मी दिवसभर कामावर असे आणि गाडी न येणारी माझी पत्नी घरात एकटी असे. ते पहिले सहा महिने तिने कसे काढले, हे मला फार उशिरा कळले आणि त्याची खंत अजूनही वाटते. कायम वास्तव्याचा अर्ज करण्यापूर्वी आपल्याला किमान ३ वर्षे अशाच भागात काढावी लागतील, म्हणून निघण्यापूर्वीच पत्नीने गाडीवर हात बसवून घ्यावा आणि या भेटीत युरंडरीपर्यंत तिनेच गाडी चालवावी. अंधार पडण्याच्या आत मात्र मुक्कामी पोहोचा, कारण तिन्हीसांजेला कांगारू अचानक रस्त्यावर येतात.