सिंकचं बटण, तबकडी आणि तुझे कान

प्रश्न : मी नाशिकला राहते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून हळदी, संगीत आणि कॉलेजच्या कार्यक्रमांत डीजे म्हणून वाजवते. माझ्याकडे लॅपटॉप आणि छोटा कंट्रोलर (लॅपटॉपमधली गाणी हाताळायचं बटणांचं यंत्र) आहे. सिंकचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर दोन गाण्यांची लय आपोआप जुळवतं. मध्यंतरी एका कार्यशाळेला गेले होते. तिथले सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘सिंक दाबून वाजवतो तो डीजे नव्हे, खरा डीजे तबकडीवरच घडतो.’ तेव्हापासून वाजवताना मनात खोट बसल्यासारखं झालंय. साठवलेल्या १ लाख ४० हजारांत थोडं कर्ज घालून दोन टर्नटेबल (तबकडी फिरवायची यंत्रं) घ्यावेत असं वाटतं. आई म्हणते, हे सगळं सोड आणि बँकेच्या परीक्षा दे. काय करू?

उत्तर : कर्ज काढू नकोस आणि टर्नटेबल आत्ता घेऊ नकोस, हे आधीच सांगून टाकते. पण त्या सरांचं बोलणं उडवूनही लावू नकोस. त्यातली अर्धी गोष्ट खरी आहे, आणि ती तुझ्या हळदीच्या मांडवातच जास्त कामाला येणार आहे.

तबकडीवरची, म्हणजे रेकॉर्डवरची, कला आली कुठून, ते बघ. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाचा डीजे पार्ट्यांत रेकॉर्ड लावायचा. गाणं थांबून नुसता ताल वाजतो त्या तुकड्यावर लोक सगळ्यात जास्त नाचतात, हे त्याने हेरलं. तो तुकडा असायचा काही सेकंदांचा. म्हणून त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या आणि एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, असं करत तो लांबवला. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने रेकॉर्डवर रंगखडूने खुणा करून हेच काम अचूक केलं. दोघांच्याही हाती घरात गाणी ऐकायचं साधं यंत्र होतं. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२ मध्ये आलं, तेही घरगुती श्रोत्यांसाठीच. मोटर थेट तबकडीखाली, मध्ये पट्टा नाही, त्यामुळे हाताने थांबवून सोडलं की ते क्षणात वेग पकडतं. १९७९ च्या मॉडेलवर वेग ८ टक्के कमी-जास्त करायची सरकपट्टी आली. म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीतलं गाणं जवळजवळ १३० पर्यंत नेता येतं, पण त्याबरोबर स्वरही वर चढतो. एका कानाला हेडफोनमधलं पुढचं गाणं, दुसरा कान हॉलमधल्या गाण्याकडे, बोटं तबकडीच्या कडेला. दोन गाण्यांचे ठोके जुळवण्याला बीटमॅचिंग म्हणतात ते एवढंच, आणि ते करताना लयीचा आकडा सांगणारं कुणी नसतं. तुझे सर ज्याच्या प्रेमात आहेत ते हे आहे. मला त्यांचं प्रेम कळतं.

पण ‘खरा डीजे तबकडीवरच’ हे आपल्या शेजारच्या गोव्यानेच कधीचं खोटं ठरवलंय. १९८० च्या दशकात अंजुनाच्या किनाऱ्यावर रात्ररात्र पार्ट्या चालायच्या. त्या उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड वाकायच्या, खराब व्हायच्या. म्हणून तिथले डीजे कॅसेटवर वाजवायचे आणि पुढे डॅटवर, म्हणजे डिजिटल टेपवर. डॅटवर लय जुळवायची सोयच नसायची, त्यामुळे एका गाण्याचा शेवट कुठे विरतो आणि दुसऱ्याची सुरुवात कुठे उगवते, हे नेमकं ओळखून ते सांधा साधायचे. गोवा ट्रान्स नावाने जगभर गेलेलं संगीत असं, तबकडीवाचून, वाढलं. ते वाजवणाऱ्यांना कुणी खोटे डीजे म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

डिजिटलचा काळ यायला त्यानंतर फार वर्षं लागली नाहीत. २००१ मध्ये पायोनियर कंपनीचा सीडीजे-१००० हा सीडी प्लेअर आला आणि सीडीवर हात ठेवून ती तबकडीसारखी फिरवता येऊ लागली. त्याच सुमारास टाइमकोडच्या रेकॉर्ड आल्या. त्यांच्यावर गाणं नसतंच. असतो एक ठरावीक सूर. तबकडी किती वेगाने आणि कुठल्या दिशेला फिरते हे सॉफ्टवेअर त्या सुरावरून ओळखतं आणि लॅपटॉपमधलं गाणं तसं चालवतं. हात तबकडीवर, गाणं फाइलमध्ये. तेव्हापासून ‘विनाइल (रेकॉर्ड) की डिजिटल’ हा वाद माझ्या मते जुना झाला.

आता मुख्य मुद्दा. सिंकचं बटण प्रामाणिकपणे चालतं ते कॉम्प्युटरवर तयार झालेल्या गाण्यांवर, कारण त्यांची लय पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असते. तुझ्या हळदीत काय वाजतं? कोळीगीतं, लावण्या, सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी. ती स्टुडिओत माणसांनी एकत्र बसून वाजवली. ढोलकीवाला कडव्यानंतर किंचित पुढे धावतो, लावणीत लय मुद्दाम चढवत नेतात. सॉफ्टवेअर गाण्यावर सरळ रेघांची जाळी टाकतं आणि दोन मिनिटांत ठेका त्या रेघांवरून घसरतो. सहा मात्रांच्या कोळीगीताला तर ते कधी अर्धा, कधी दीडपट आकडा दाखवतं. अशा वेळी सिंक दाबलंस की गाणी एकमेकांवर आपटतात. आजीला त्याचं नाव सांगता येणार नाही, पण तिची टाळी चुकते. तिथे फक्त कान वाचवतात. तुझे सर जे तबकडीवर शिकले, ते तुला या गाण्यांवर शिकायचं आहे, आणि त्याला नवा पैसा लागत नाही.

लॅपटॉपच्या पडद्यावर कागद चिकटव, निदान लयीचा आकडा आणि गाण्याच्या आलेखातल्या लहरी झाकल्या जातील एवढा. सिंक बंद. रोज अर्धा तास दोन गाणी फक्त कानाने जुळव. सुरुवातीला एकसारख्या ठोक्याची नवी गाणी घे, महिन्याभराने एक जुनं आणि एक नवं. रेकॉर्ड करून ठेव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक, त्याच रात्री नको. रात्री सगळंच बरं वाटतं. साधारण तीन महिन्यांत तुझं तुलाच कळेल. मग कार्यक्रमात सिंक खुशाल वापर. हात मोकळा राहिला तर समोरच्या माणसांकडे बघता येतं, आणि तुझ्या कामात तेही तितकंच महत्त्वाचं आहे.

टर्नटेबल का नको, याचं एक कारण मी जवळून पाहिलंय. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने कर्ज काढून जोडी घेतली आणि लग्नाच्या मांडवात नेली. प्लायवूडचं स्टेज, शेजारीच सबवूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर. बास वाजला की स्टेज हलायचं आणि सुई उडायची. शिवाय तबकडी स्पीकरचाच आवाज सुईतून परत उचलते आणि घुमत राहते. पहिल्या तासात त्याला लॅपटॉपवर यावं लागलं आणि हप्ते मात्र पुढे बराच काळ चालू राहिले. त्याचं फार वाईट वाटलं मला, कारण मुलगा हुशार होता. पैशाचं पाहिलं तर नावाजलेल्या कंपनीचे दोन टर्नटेबल, मिक्सर आणि सुया धरून खर्च दोन लाखांच्या सहज पुढे जातो, आणि तुझी अर्धीअधिक गाणी रेकॉर्डवर मिळणारही नाहीत. रेकॉर्डची विक्री वाढतेय हे खरं आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या. पण त्या बहुतेक घरात ऐकण्यासाठी. हॉटेलात किंवा क्लबात काम मागायला जाशील तेव्हा समोर पायोनियरचे डिजिटल प्लेअर असतील आणि तू पेनड्राइव्ह घेऊन जाशील. ते प्लेअर महाग आहेत, विकत घ्यायची गरज नाही. ज्या स्टुडिओत असतील तिथे तासाच्या भाड्याने सराव कर. आणि एकाऐवजी दोन पेनड्राइव्ह ने.

तबकडीची ओढ खरी असेल तर त्या सरांकडेच जा आणि त्यांच्या टर्नटेबलवर काही रविवार शिकू देण्याची विनंती कर. एवढ्या तळमळीने बोलणारा माणूस बहुधा नाही म्हणणार नाही. वर्षभराने ओढ टिकली तर एक जुना, चालू स्थितीतला टर्नटेबल घे, स्वतःच्या पैशांनी.

साठवणीतून आत्ता एक खर्च मात्र जरूर कर : संगीतकारांसाठीचे चांगले इअरप्लग. १०० डेसिबलच्या आवाजात कानाला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं मानतात, आणि तू चार-चार तास स्पीकरशेजारी उभी असतेस. कार्यक्रमानंतर कानात शीळ वाजत राहते का? वाजत असेल तर याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जा.

आता आई. तिची भीती पैशांची आहे तितकीच रात्री उशिरा एकटीने परतण्याची असावी, असं मला पत्रावरून वाटतं. ती तू नीट विचारून घे. पदवी पूर्ण कर, यावर माझं तिच्याशी एकमत आहे. पुढे ध्वनिमुद्रणाकडे वळावंसं वाटलं तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या त्या अभ्यासक्रमाला पदवी लागते. बारावीच्या विषयांची अट त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाच, तू वाणिज्य शाखेची आहेस म्हणून मुद्दाम सांगते. आणि बी.कॉम.चा उपयोग आजपासूनच कर. प्रत्येक कार्यक्रमाचं बिल, आगाऊ रक्कम, गाडीभाडं असं सगळं वहीत लिही. नियमाप्रमाणे उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद करावे लागतात, तेव्हा ती वेळ यजमानांकडून आधीच लिहून घे. घरी परतायची वेळही त्यावरूनच ठरेल. दोन वर्षांची ती वही आईसमोर ठेव, आणि पुढच्या हळदीला तिला सोबत ने.