परभणीच्या हॉस्टेलवर राहणाऱ्या गावच्या लेकीस

लेकरा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोलायला गेलं की अर्धं राहून जातं, म्हणून सावकाश लिहितोय.

आधी रविवारचं. गावात मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, चुकवायची सोयच नव्हती. घंटा झाली की तुझी आजी दारात उभी. परभणीत तुला कुणी विचारणार नाही. तेव्हा आपल्या फादरांना फोन करून तिथं मिस्सा कुठं, किती वाजता, हे याच आठवड्यात विचारून घे. रविवारी परीक्षा असली तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात. तीही जमण्यासारखी नसेल तर दोष लागत नाही. खोलीवर त्या दिवसाची शास्त्रवाचनं वाच, प्रार्थना कर. मात्र शनिवारी रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि सकाळी जाग आली नाही, ही अडचण मी धरत नाही, फादरही धरणार नाहीत. फादरांपुढं पापनिवेदन निदान वर्षातून एकदा करायचंच असतं. सुट्टीत आलीस की आधी ते उरक, मग मैत्रिणींकडे जा.

अठरा पूर्ण झाल्यामुळे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, आणि गुड फ्रायडे हे दोन उपवास आता तुलाही आहेत. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, हे तुला ठाऊकच आहे. पण तुझ्या मेसमध्ये शुक्रवारी वांग्याचीच भाजी असते म्हणतेस, मग त्यात तुझं गेलं काय? त्यापेक्षा त्या दिवशी रील्स बंद ठेव. ते जड जाईल.

मैत्रिणीकडच्या महालक्ष्म्यांचं विचारलंस. जेवायला जरूर जा. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकनमधल्या दुसऱ्या महासभेनं 1965मध्येच सांगितलंय. आरतीच्या वेळी मागं शांत उभी राहा. कुणी रागावणार नाही, आपली माणसं तेवढी समजूतदार असतात. प्रसादाबद्दल संत पौलानं बायबलमध्ये करिंथकरांना पहिल्या पत्रात लिहिलंय ते स्वतः वाच, आठवा आणि दहावा अध्याय. अन्नानं आपण देवाच्या जवळही जात नाही आणि दूरही, असं तो म्हणतो. पण दुसऱ्याच्या विवेकबुद्धीला जप, असंही बजावतो. मी स्वतः जेवायला बसतो, पूजेत भाग घेत नाही. आणि नाताळाला तिला घरी बोलाव. एकतर्फी पाहुणचार बरा नव्हे.

विज्ञान शिकताना श्रद्धा सैल पडते, असं तुला सीनियरनं सांगितलं म्हणे. त्याला विचार, जेनेटिक्सच्या पहिल्याच धड्यात कोण आहे? ग्रेगोर मेंडेल हा ऑगस्टिनियन संघाचा संन्यासी आणि धर्मगुरू. मठाच्या बागेत वर्षानुवर्षं वाटाण्याची रोपं मोजत बसला आणि 1866मध्ये निबंध छापला. जगानं दखल घेतली ती 1900 साली, तो जाऊन सोळा वर्षं झाल्यावर. धर्मगुरूपण आणि वाटाण्यांची मोजणी त्यानं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी चालवली. प्रॅक्टिकलच्या वहीत शेजारणीचे आकडे उतरवायचा मोह झाला तर हा माणूस आठव. तुझ्या वयात धर्म पाळायचा म्हणजे बराचसा हाच: वही खरी ठेवायची.

आता ज्यानं तू खरी दुखावलीस, ते. "तुम्हाला ख्रिश्चन व्हायला किती पैसे मिळाले?" हे मलाही नोकरीत ऐकावं लागलं. आपल्याकडं 1890च्या दशकात फ्रेंच फादर मराठवाड्यातल्या घोगरगावला आले, तेव्हा निजामाचं राज्य होतं. दुष्काळात भाकरीसाठी काही जण त्यांच्याकडं गेले असतील, मी नाही म्हणणार नाही. पण गावकुसाबाहेर राहणाऱ्याला कुणी शेजारी बसवून घेतलं, हेही भाकरीइतकंच मोठं होतं. आणि भाकरी संपल्यावरही पिढ्यान् पिढ्या मिस्सेला येणाऱ्यांचं काय? एवढं शांतपणे सांग आणि विषय सोड. वाद घालत बसू नकोस.

गळ्यातल्या रोझरीकडं, म्हणजे जपमाळेकडं, आणि कॉलेजच्या दाखल्याकडं आळीपाळीनं बघून रूममेट हसली, असं लिहिलंयस. दाखल्यावर हिंदू म्हणून अनुसूचित जात लागली आहे, ते मला माहीत आहे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा लाभ आधी जवळजवळ फक्त हिंदूंना ठेवला. 1956मध्ये सगळे शीख आले, 1990मध्ये बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. बाप्तिस्म्यानं जात जाते असं सरकार समजतं, पाणवठ्यावरची माणसं तसं समजत नव्हती. या अन्यायाचा मला राग आहे, आणि ज्या बापांनी पोरांच्या फीपायी जुनाच कागद चालू ठेवला त्यांना मी नावं ठेवणार नाही.

पण तुझं वेगळं आहे. वडिलांनी भरलेला फॉर्म त्यांचा होता, पुढच्या फॉर्मवर सही तुझी असेल. धर्मांतरित ख्रिस्तींना महाराष्ट्रात ओबीसीमध्ये जागा आहे. त्यात फी किती वाढते, कोणती शिष्यवृत्ती हातची जाते, याचा हिशोब आधी मांड. मग खरं लिहायला किती मोजावं लागतं ते कळेल. मोजावं, असं माझं मत आहे. ते सोपं आहे असं मात्र मी म्हणणार नाही, आणि ती रक्कम माझ्या खिशातून जाणार नाही हेही जाणून आहे.

याबद्दल वडिलांशी फोनवर बोलू नकोस, ते भडकतील. दिवाळीत ये. तुझे कागद आण, मी तुमच्याकडं येऊन बसतो.

तुझा,
मास्तर